शनिवारच्या दोन प्लेटा

"मावशी, शनिवारच्या त्या दोन प्लेटा कुठं ठेवल्यात?"

मॅडम धुण्याच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. सोमवारची सकाळ होती. माझ्या हातात बाटलीचा ब्रश होता.

"कोणत्या दोन?" मी विचारलं. कोणत्या ते मला माहीत होतं.

"वरच्या मोठ्या खोलीतल्या. खाट चार आणि खाट पाच. वरचे डॉक्टर विचारतायत, ताप परत चढलाय, प्लेटीवर आणखी काही उठलं का म्हणून."

चार नंबरच्या खाटेवर माझा नवरा होता.

"त्या गेल्या," मी म्हणाले. "शनिवारीच कुकरमध्ये घातल्या."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हैदराबादेत तेव्हा नवे खाजगी दवाखाने उघडत होते. त्यांतल्या एकात मी कामाला होते. तळमजल्यावर प्रयोगशाळा होती. आजाऱ्याचं रक्त आधी बाटलीत ठेवत, मग त्यातला थेंब प्लेटीवर पसरत. ही प्लेट म्हणजे झाकण असलेली बशी, आत गोठलेल्या खिरीसारखा थर. रक्तात जंतू असला की दोन-तीन दिवसांत त्या थरावर ठिपके उठतात. ठिपके बघून मॅडम जंतू सांगायच्या आणि त्यावरून वरचे डॉक्टर औषध ठरवायचे. सगळं झालं की प्लेटा माझ्याकडे यायच्या. जंतू मारायचं मोठं भांडं होतं, त्याला मी कुकर म्हणायची. त्यात घालायच्या, वाफेवर मारायच्या, फेकायच्या. बाटल्या धुवायच्या. माझं शिक्षण चौथी. या कामाला तेवढं पुरायचं.

नवऱ्याला तोंडावर मी अहोच म्हणायची. इथे 'तो' लिहिते, आता ऐकायला कोणी नाही. तो बेगम बाजारात मसाल्याच्या एका दुकानात तोलाईला होता. अंगाला धण्या-मिरचीचा वास कायम. मी घरी आले की म्हणायचा, "आली जंतूंची मोलकरीण. आधी हात धू." मूलबाळ नव्हतं आम्हाला. नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच, आणि बोलणंही बेताचं.

त्याच्या आतड्याला पीळ पडला. फाडून तुकडा काढावा लागला. मी तिथे कामाला म्हणून तिथेच ठेवला. तोंडाने काही द्यायचं नव्हतं, म्हणून मानेच्या शिरेत नळी बसवली आणि साखरेचं पाणी, तेल, मीठ, जे काही लागतं ते थेट रक्तात. दोन आठवडे असं चाललं. मग ताप आला, थंडी वाजून. शेजारच्या पाच नंबरच्या खाटेवर वरंगलकडच्या एका गावची तरणी बाई होती. तिचंही पोटाचं ऑपरेशन, तिलाही तशीच नळी, आणि त्याच आठवड्यात तिलाही ताप.

दोघांचं रक्त मंगळवारी काढलं. शुक्रवारी टेक्निशियनने दोन्ही प्लेटा बघितल्या, झाकणावर लाल टीक केली आणि कागदावर लिहिलं, यीस्ट, एक जात. यीस्ट म्हणजे पीठ फुगवतो तो जीव, त्याच्याच भाऊबंदांतला. एरवी आपल्या तोंडात, पोटात गप राहतो. नळीवर बसला आणि वर साखर मिळाली की रक्तात उतरतो. त्यावर तेव्हा नवीन औषध आलं होतं. आधी मिळायला कठीण होतं, मग आपल्याकडेच बनायला लागलं आणि दवाखान्यात सगळ्यांना द्यायला लागले. नवऱ्याला दिलं, पाच नंबरलाही दिलं. शनिवारी दोघांचा ताप उतरला.

आणि शनिवारी दुपारी मी प्लेटा मारल्या.

का मारल्या ते नीट सांगते. त्याआधी बरीच वर्षं मी तारनाक्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. तिथल्या प्लेटा काचेच्या होत्या, आणि मोजक्या. एक फुटली तर साहेब तीन दिवस तोंड फिरवून बसायचे. सोमवारी मुलांना प्लेटा तयार लागायच्या, म्हणून शनिवारी दुपारी टेबल रिकामं करायचं, सगळ्या उकळायच्या, घासायच्या, फडक्यावर पालथ्या घालायच्या. लाल टीक असली की ती प्लेट झाली. शनिवारी टेबलावर प्लेट उरली म्हणजे माझं काम उरलं, असं मी धरून चालायची. नव्या दवाखान्यात प्लेटा प्लॅस्टिकच्या होत्या, खोकी भरभरून यायच्या, एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. धुवायचं काही नव्हतं, घाई करायचं काही कारण नव्हतं. मॅडमनी सांगितलंही होतं, यीस्टची प्लेट पाच दिवस राहू द्या. मी हो म्हटलं होतं. पण शनिवार दुपार झाली की हात आपोआप टेबलाकडे जायचा.

सोमवारी मॅडमना मी एवढंच म्हणाले, "टीक होती झाकणावर." ते खरंच होतं.

"टीक होती, पण तारीख बघायची ना, मावशी." त्या जुन्या हैदराबादच्या मराठी घरातल्या, वकील-मास्तरांच्या. रागावल्या तरी आवाज चढत नसे. "आता परत रक्त काढते. परत तीन दिवस." आणि त्या वर गेल्या.

मी ब्रश घेऊन बाटल्या घासत बसले. ते ब्रश मी बेगम बाजारातून स्वतः पारखून आणायची, घोड्याच्या केसांचे, नायलॉनचे मला चालत नसत. बाटलीच्या आत कधीकधी बुळबुळीत थर बसतो. त्यावर कितीही कडक औषध ओता, वरचं वर वाहून जातं. आतले जीव थराखाली सुखात असतात. चार दिवसांनी बाटली परत ओशट. तो घासूनच काढावा लागतो, आणि ब्रश पोचत नसेल तर बाटली फेकावी लागते. हे मला कुणी शिकवलं नाही. हातांना कळलेलं होतं.

घासताना मला ती प्लेट दिसत होती. चार नंबरची. मारायच्या आधी मी ती उजेडात धरली होती. नवऱ्याची म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर बघितली नसती. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे फुगीर ठिपके होते, आणि त्यांच्या मधे बारीक, खसखशीच्या दाण्याएवढे आणखी. ते मला दिसले होते. दिसले आणि मी म्हटलं, असेल काहीतरी, शिकलेल्यांनी बघून टीक केलीये, चौथी पास बाईने कशाला तोंड घालायचं. झाकण लावलं आणि घातली कुकरात. पाच नंबरची प्लेट बघितलीच नाही.

दुपारी वर गेले. नवरा डोळे मिटून पडला होता, कपाळ तापलेलं. पाच नंबरच्या बाईची आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. सगळे तिला अम्मा म्हणत, मीही म्हणायची. मराठी तिला येत नव्हतं, माझी तेलुगू बाजारापुरती. तरी दहा-बारा दिवसांत आमचं जमलं होतं. मी तिला खालून गरम पाणी आणून द्यायची. ती तिच्या डब्यातला दहीभात स्टीलच्या झाकणात काढून पुढे करायची.

"तिनम्मा," म्हणाली. खा बाई. मी नको म्हटलं. "नक्को क्या नक्को," तिने माझीच नक्कल केली, मोडक्या हैदराबादीत. "आदमी बीमार है तो औरत उपास करती क्या? फिर कौन उठाता उसको, मैं?"

मी खाल्लं. समोर तिची मुलगी होती. श्वास जोरात चालला होता, ओठ सुकलेले. लघवी कमी झाली होती म्हणून मूत्रपिंडाचे डॉक्टर येऊन गेले होते. अम्मा म्हणत होती की शनिवारी ताप उतरला तेव्हा पोरीने तिला विचारलं, घरी मांजराला दूध कोण घालतंय. म्हणजे बरी होणारच, असं अम्माचं म्हणणं.

झाकण धुवून तिला दिलं आणि मी खाली उतरले. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या.

"मॅडम, एक सांगायचंय."

"बोला."

"त्या प्लेटीवर दोन होते."

त्यांनी मान वर केली.

"मोठे ठिपके होते आणि मधे बारीक. खसखशीएवढे. मारायच्या आधी मी बघितले होते."

"आणि आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतेय."

"नक्की? थेंब नव्हते ना पाण्याचे? झाकणाला वाफ धरते कधीकधी."

"बावीस वर्षं प्लेटा धुते मी. थेंब आणि ठिपका कळतो."

त्या उठल्या. "दोन्ही प्लेटांवर?"

हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला. मी पुढे किती वेळा ऐकला ते सांगता येणार नाही.

"माझ्या नवऱ्याच्या नक्की," मी म्हणाले. "दुसरी मी बघितली नाही."

हे खरं होतं. खोटं सांगायचं माझ्या मनातही आलं नाही त्या वेळी. मी जे बघितलं ते बघितलं म्हटलं, जे नाही ते नाही म्हटलं. बापाने मारून मारून तेवढं शिकवलं होतं.

मॅडम जिना चढून वर गेल्या. त्या आणि वरचे डॉक्टर इंग्रजीत बोलले, थोडं वाजलंही. मग माझ्या नवऱ्याच्या मानेची नळी काढली. काढायची नव्हती डॉक्टरांना, कारण दुसरी शीर सापडत नव्हती. शेवटी मांडीतून मिळाली. नवीन औषध बंद केलं आणि जुनं, जहाल औषध लावलं, ज्याने माणूस गदगदा हलतो. पहिल्या बाटलीला खाट वाजायला लागली. मी त्याचे पाय दाबून धरले.

"अगं," तो दातांतून म्हणाला, "बर्फावर निजवलंस का मला?"

"गप पडा."

"मोलकरणीचा नवरा. जंतूंनी सूड घेतला बघ."

पाच नंबरला ते औषध लावलं नाही. ते मूत्रपिंडाला मारतं आणि तिची आधीच थकलेली होती. तिच्या कागदावर एकच जात लिहिलेली, त्या जातीला नवीन औषध चालतं. नळी काढली तर तिला दुसरी शीर नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, पुन्हा काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. माझ्या शब्दावर एका माणसाचं औषध बदललं हेच त्यांच्या मानाने खूप झालं.

नवऱ्याच्या नळीचं टोक मॅडमनी कापून आणलं होतं. मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. "या मावशी, तुमची खसखस बघा." मी पहिल्यांदाच त्या यंत्राला डोळा लावला. इतकी वर्षं त्याच्या काचा पुसल्या होत्या, आत बघितलं नव्हतं. लांब धागे दिसले, एकात एक गुंतलेले, आणि त्या धाग्यांना चिकटलेले बारीक गोल दाणे, वेलीला किडीची अंडी असतात तसे.

"धागे एका जातीचे," मॅडम म्हणाल्या. "तो वाढतो भराभर. दाणे दुसऱ्याचे. त्याला स्वतःचे धागे फुटत नाहीत, म्हणून तो याला धरून आत शिरतो. आपण औषध दिलं ते धागेवाल्याला लागू पडलं. म्हणून शनिवारी ताप उतरला. दुसऱ्याला त्याचं फारसं काही होत नाही. पहिला दबला, जागा मोकळी झाली, साखर आहेच. एक असता तर सोपं होतं. दोघं मिळून थर करतात तेव्हा आत औषधही पोचत नाही."

"थर घासूनच काढावा लागतो," मी म्हणाले.

"माणसाची नळी घासता येत नाही ना. काढावीच लागते."

"मग पाच नंबरची?"

त्यांनी यंत्राचा दिवा बंद केला. "रिपोर्टची वाट बघतोय," म्हणाल्या.

मंगळवारी मी दोनदा वर गेले. अम्माशी नीट बोलले नाही. तिने झाकण पुढे केलं तेव्हा काम आहे म्हणून निघून आले. तेव्हा ते मनात आलं. दोन्हीवर होते म्हणाले असते तर? कुणी पडताळणार नव्हतं, प्लेटा मीच मारल्या होत्या. मी मॅडमच्या दारापर्यंत गेले. आत टेक्निशियन होता. मी आता दुसरीवरही आठवतंय म्हणाले तर काल का नाही म्हणाले, असं विचारतील, मग पहिल्या सांगण्यावरचाही विश्वास जाईल, नवऱ्याचं औषध परत बदलतील. असं सगळं मी दारात उभी राहून मनातल्या मनात मोजलं आणि परत आले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवारी दुपारी पाच नंबरची बाई गेली.

मी वर पोचले तेव्हा खाटेवरची गादी गुंडाळली होती. अम्मा बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर पोरीच्या कपड्यांचं गाठोडं, त्यावर डबा. गावाकडची माणसं गाडी आणायला गेली होती. ती रडत नव्हती. मला बघून तिने बाकावर हात आपटला, बस म्हणून. मी बसले. तिला माझ्याकडून काही नको होतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी आयनाकि तग्गिंदा?" तुझ्या नवऱ्याचा ताप उतरला का?

"उतरला," मी म्हणाले. "तग्गिंदि." सकाळीच उतरला होता.

तिने मान हलवली. माझ्या पाठीवर एक थाप मारली, जोरात, जनावराला मारतात तशी. मग गाडी आली.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेले. पाच नंबरच्या रक्ताची नवी प्लेट उजेडात धरली. साबुदाणा होता. मधे खसखस होती.

मॅडमनी पुढे कधीतरी विषय काढला. म्हणाल्या, मावशी, तिची मूत्रपिंडं गेली होती, शनिवारी कळलं असतं तरी वाचली असतीच असं नाही. मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पण हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की माहीत असल्यासारखं त्या बोलल्याही नाहीत. माझी नोकरी त्यांनी ठेवली. टेक्निशियनची टीक आणि माझा कुकर, दोन्ही त्यांनी आपल्या अंगावर घेतलं असावं. विचारलं नाही मी. त्यानंतर प्रत्येक प्लेट पाच दिवस राहायची आणि मारायच्या आधी मी उजेडात धरायची, मग ती कुणाचीही असो. टेक्निशियन हसायचा, "मावशी डॉक्टर झाल्या." हसू दे.

नवऱ्याला घरी आणल्यावर त्याने एकदा विचारलं, शेजारची ती पोरगी कशी आहे. गेली म्हटलं. अरेरे म्हणाला आणि कूस बदलली. त्याची प्लेट मी बघितली म्हणून त्याचं औषध बदललं आणि तिची बघितलीच नव्हती, हे मी त्याला का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. सांगितलं असतं तर त्याने काहीतरी टोमणा मारला असता आणि मला ते चाललं नसतं. त्या दिवसापासून घरात एक गोष्ट माझ्या एकटीची झाली. आधी आम्ही बेताचं बोलत होतो, नंतर त्याहून कमी. त्याला वाटलं दुखण्याने मी थकले. तो पुढे बरीच वर्षं जगला, परत बेगम बाजारात जाऊन बसला, आणि गेला तो हृदयाच्या दुखण्याने.

आता मी पुतण्याकडे राहते. नल्लकुंट्यातच, वरचा मजला. पुतण्याची मुलं इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी बोलतात तेलुगू मिसळून, वाचता येत नाही. हे मी वहीत लिहितेय ते टेबलावर उघडं पडलेलं असतं. कुणी उचलत नाही. सून परवा म्हणाली, "काकू, काय लिहीत बसता हो दिवसभर? रेसिपी का?" मी हो म्हटलं. साबुदाणा, खसखस एवढं तिला वहीत दाखवता आलं असतं.

अम्माचं गाव मला माहीत होतं. तिकडे जायची बस कुठून सुटते तेही माहीत होतं. मी गेले नाही.

चार नंबरच्या खाटेवरचा माझा नवरा त्या दुखण्यातून वाचला. पाच नंबरच्या खाटेवरची अम्माची मुलगी वाचली नाही.